एका खोलीच्या दोन खोल्या

"रविवारी दुपारच्या जेवणाआधी एका खोलीच्या दोन खोल्या करून दाखवतो! नाही केल्या तर नाव बदला माझं!"

लिफ्टकाकांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि समोर श्रोते म्हणून त्यांची बायको, बारा वर्षांची थोरली आणि आठ वर्षांचा धाकटा एवढेच होते. नाव बदलण्याचं म्हणाल तर ते काही अवघड नव्हतं, कारण काकांचं खरं नाव कोणाच्या लक्षातच नव्हतं. सतरा वर्षं बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, म्हणून आख्खी गल्ली त्यांना लिफ्टकाका म्हणायची. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तरी तिलाही लोक लिफ्टकाकू म्हणायचे आणि ते ऐकलं की ती तडकायची. "मी काय लिफ्टशी लग्न केलंय?" आणि कमाल बघा, हे लिफ्टवालं कुटुंब राहायचं ती इमारत चार मजली आणि तिला लिफ्टच नव्हती!

घर भाड्याचं. एक स्वयंपाकघर, एक हॉल आणि एक झोपायची खोली. झोपायची खोली मुलांची. काका-काकू हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे. हा सोफा उघडला की पलंग व्हायचा आणि हॉल संपायचा. मग ज्याला पाणी प्यायचं असेल त्यानं काकांच्या पोटऱ्या ओलांडून स्वयंपाकघरात जायचं, असा शिरस्ता होता.

खरा तंटा होता मुलांच्या खोलीचा. दहा फूट बाय नऊ फूट. एक दार, एक खिडकी, एक पंखा, एक दिवा, दोन लोखंडी पलंग आणि घरमालकीणबाईंचं शिसवी कपाट. हे कपाट घराबरोबरच भाड्यानं आलं होतं आणि अंगानं एखाद्या पहिलवानासारखं होतं.

आठव्या-नवव्या वर्षापर्यंत थोरलीला काही वाटलं नाही. पण बारावं लागलं आणि तिनं दाराला कागद चिकटवला. "नियम एक : आत येण्याआधी टकटक करणे. नियम दोन : टकटक केल्यावरही आत न येणे." खाली धाकट्यानं पेन्सिलीनं लिहिलं, "मी इथंच राहतो." मग खोलीत खडूची रेघ आली. रेघेच्या अलीकडे त्याचं राज्य, पलीकडे तिचं. धाकट्याला बाटल्यांची बुचं जमवायचा नाद होता आणि ती बुचं रात्रंदिवस सरहद्द ओलांडायची. रोज लढाई! रोज काकूंचा निवाडा! आणि रोज सकाळी थोरली कपडे घेऊन न्हाणीघरात शिरायची ती अर्धा अर्धा तास बाहेर यायची नाही. बाहेर रांग लागलेली. "अगं, बाहेर ये! मला कामावर जायचंय!" काका ओरडायचे. काकांना वाटायचं, पोरगी आरशात बघत बसली असणार.

तर, हे असंच चाललं असतं. पण गुरुवारी घरमालकीणबाईंचा फोन आला. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. पूर्वी इस्पितळात मोठ्या परिचारिका होत्या, त्यामुळे बोलणं मोजकं. "रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुलांच्या खोलीचं बघायला येते," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

"मुलांच्या खोलीचं काय बघायचंय हिला?" काका म्हणाले.

काकूंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी भाडेकरार काढला. चष्म्याच्या दुकानातली बाई ती, बारीक अक्षर वाचण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं! सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं. कलम एकोणीस : मुलगा वा मुलगी दहा वर्षांवरील असल्यास दोघांस स्वतंत्र शयनगृह असावे, अन्यथा मालकास करार न वाढवण्याचा अधिकार राहील.

करार पुढच्या महिन्यात संपत होता.

शाळा इथून चालत दहा मिनिटांवर. काकूंचं दुकान कोपऱ्यावर. दोन झोपायच्या खोल्यांचं घर हवं तर गावाबाहेर जावं लागणार, मुलांच्या शाळा बदलाव्या लागणार.

"सरळ सांगू या त्यांना," काकू म्हणाल्या. "म्हणावं, सहा महिने द्या. काहीतरी बघतो."

"सांगायचं कशाला? करूनच दाखवू!" काका म्हणाले. आणि मग ती घोषणा झाली.

योजना अशी होती. कपाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणायचं. कपाट संपेल तिथून पुढे प्लायवूडचा तक्ता उभा करायचा. भिंतीला खिळा मारायला करारात बंदी, म्हणून दोन लाकडी खांब जमीन आणि छत यांच्यामध्ये जॅकनं दाबून बसवायचे. "लिफ्टच्या कामात आम्ही आख्खी केबिन जॅकवर तोलून धरतो. हे काय, पोरखेळ!"

"कपाट आधी रिकामं करा," काकू दुकानात जाता जाता म्हणाल्या. रविवारी त्यांचं दुकान बारापर्यंत उघडं असायचं.

"रिकामं कशाला? सहाशे किलोची केबिन मी एका बोटानं सरकवतो!"

"त्या केबिनला वर दोर असतो, अहो," काकू म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

त्या रविवारी काका घरी होते तरी ड्यूटीवर होते. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की कंपनीचा फोन खणखणायचा आणि तो फोन ज्याची पाळी असेल त्याच्या खिशात. तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचाच, असा कंपनीचा नियम. काकांनी तो फोन शर्टाच्या खिशात ठेवला, स्वतःचा स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि कामाला भिडले.

पहिला तास वाटाघाटीत गेला. खोलीचे दोन भाग करायचे म्हटल्यावर एकाला दार मिळणार आणि दुसऱ्याला खिडकी!

"मला खिडकी," थोरली म्हणाली.

"मग तू बाहेर कशी जाणार?" धाकट्यानं विचारलं.

"तुझ्या खोलीतून."

"टकटक करून?"

थोरली विचारात पडली. आपलेच नियम असे अंगावर येतील हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि पंखा?" धाकटा म्हणाला.

"पंखा मधे येतो. दोघांना अर्धा अर्धा," काका म्हणाले.

"दिव्याचं बटण माझ्या बाजूला!" धाकटा आनंदानं ओरडला. "ती वाचत बसली की मी दिवा घालवणार!"

"बाबा!"

"कोणी काही घालवणार नाही! आधी भिंत उभी राहू दे, मग भांडा!" काका म्हणाले. हे वाक्य जगातल्या कुठल्याही बापानं म्हणू नये, पण ते असो.

कपाट निघालं. म्हणजे, काकांनी पाय भिंतीला लावून, दात-ओठ खाऊन, तोंडानं इंजिनसारखे आवाज काढत ते इंच इंच ओढलं. जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याच्या पायांखाली सतरंजी घातली होती. तासाभरानं ते दारापासून तीन-चार फुटांवर, दाराकडे पाठ करून उभं राहिलं. काका घामानं असे निथळत होते, जणू आताच नदीतून वर काढलंय त्यांना! पण चेहऱ्यावर विजय होता.

मग खांब. पहिला बसला. दुसरा थोरलीच्या पलंगाशेजारी उभा केला, खाली जॅक लावला आणि दांडा फिरवू लागले. खांब छताला टेकला.

"बसला, बाबा," थोरली म्हणाली.

"अजून एक फेरा. घट्ट नको का?"

"बाबा, वरून भुगा पडतोय."

"शेवटचा फेरा!"

कर्रर्र... आणि धप्प! छताच्या प्लास्टरचा हा एवढा मोठा पोपडा, चांगला परातीएवढा आणि बोटभर जाड, सुटून थोरलीच्या पलंगावर कोसळला! पांढऱ्या धुळीचा लोट उठला. मुलं खिडकीपाशी होती, ती किंचाळली. काका दचकून मागे उडाले ते थेट कपाटावर! सतरंजीवर उभं असलेलं कपाट. ते कशाला थांबतंय? सतरंजी सर्रकन पुढे सरकली, कपाटाचे पाय धाकट्याच्या पलंगाला जाऊन अडले आणि कपाट हळूच, एखादी थकलेली म्हातारी भिंतीला टेकते तसं, मागे कललं आणि दारावर डोकं ठेवून स्थिरावलं.

दार आत उघडणारं होतं.

धूळ खाली बसली. काकांनी आधी मुलांना चाचपलं. दोघांनाही काही लागलं नव्हतं. मग त्यांनी कपाटाला खांदा लावला. हलेना! पुन्हा लावला. कपाट जागचं तसूभरही ढळलं नाही. आत चौघांचे गरम कपडे, जुन्या रजया, तीन वर्षांची वह्या-पुस्तकं आणि धाकट्याचा बुचांचा डबा, सगळं तसंच होतं.

"बाबा," धाकटा हळूच म्हणाला, "आपण अडकलो का?"

सतरा वर्षं लोकांना बंद पेट्यांमधून सोडवणारे काका कपाटाखाली वाकून बघू लागले.

"आपण अडकलोय!" थोरलीनं निकाल दिला.

"अडकलो नाही. थोडे थांबलोय," काका म्हणाले. लिफ्टमधल्या लोकांना सांगायचं हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आई बाराला येईल. घाबरायचं नाही."

बारा वाजून पाच मिनिटांनी बाहेर कुलूप उघडल्याचा आवाज आला. काका हाक मारणार, तोच काकूंच्या आवाजापाठोपाठ दुसरा आवाज ऐकू आला. मोजका, खणखणीत.

"संध्याकाळी दुसरं काम निघालं, म्हणून आताच आले. तुम्ही जिन्यात भेटलात, बरं झालं."

घरमालकीणबाई!

काकांनी वर बघितलं. छताला भगदाड. खाली बघितलं. प्लास्टरचे तुकडे. समोर बाईंचं शिसवी कपाट, दारावर रेललेलं. त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही मुलांची तोंडं दाबली. "श्श! आवाज नाही! आई त्यांना चहा पाजून वाटेला लावेल!"

"आधी मुलांची खोली बघू," बाहेरून बाई म्हणाल्या.

दार ढकललं गेलं. दोन बोटं उघडलं आणि थांबलं. काकूंनी फटीतून आत बघितलं. आत अंधार आणि लाकडाची सपाट पाठ.

"अगंबाई! दारामागे भिंत आहे!"

"भिंत?" बाईंचा आवाज चढला. "माझ्या घरात भिंत बांधलीत तुम्ही?"

"नाही हो! म्हणजे... सकाळपर्यंत नव्हती!"

"सकाळपासून आतापर्यंत भिंत?"

आत धाकट्याच्या नाकात धूळ गेली होती. तो लाल झाला, जांभळा झाला, आणि काकांच्या पंज्याखालून जी शिंक निघाली ती एखाद्या फुग्यानं प्राण सोडावा तशी होती.

"आत कोण आहे?" बाई म्हणाल्या. "करारात चार माणसं लिहिलीत. कोणी पोटभाडेकरू ठेवलाय की काय?"

पण काकूंचं आता त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांना मुलं दिसत नव्हती, नवरा दिसत नव्हता आणि दाराच्या फटीतून पांढरी धूळ बाहेर येत होती. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. त्यांनी मुलांना हाका मारल्या. दुसऱ्या हाकेला त्यांचा आवाज कापला.

तो कापलेला आवाज ऐकला आणि काकांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी मुलांच्या तोंडांवरचे हात काढले आणि ओरडायला तोंड उघडलं. नेमका तेव्हाच खिशातला ड्यूटीचा फोन खणखणला.

झालं होतं असं की, बाहेर खुंटीला काकांचं कामाचं जाकीट टांगलेलं होतं. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : "कोणी अडकलंय? घाबरू नका. आम्हाला फोन करा!" खाली नंबर. इस्पितळात तीस वर्षं काढलेल्या बाई, त्या काय रडत बसणार होत्या? त्यांनी जाकीट वाचलं आणि नंबर फिरवला.

एक घंटी. दोन घंट्या. सतरा वर्षांची सवय! काकांचा हात आपोआप खिशात गेला आणि आवाज आपोआप गोड झाला.

"नमस्कार! घाबरू नका, आम्ही आहोत ना! कुठे अडकलात?"

"मी नाही अडकले. लेकरं अडकलीत," बाई म्हणाल्या. "तिसरा मजला."

"दार जोरात ओढू नका. आत किती माणसं आहेत?"

"दोन तरी असतील. शिंक एकच आली."

"त्यांच्याशी बोलत राहा, धीर द्या. पत्ता सांगा बाई, माणूस लगेच निघतोय." काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि प्लायवूडवर पत्ता लिहायला घेतला.

"डाकघरामागची पिवळी इमारत. तिसरा मजला."

"पिवळी... इमारत... तिसरा..."

"डावीकडचं दार."

पेन्सिल थांबली.

"बाबा," थोरली त्यांच्या खांद्यावरून वाचत म्हणाली, "हे आपलं घर आहे."

बाहेर बाईंनी फोन कानापासून दूर धरला, दाराकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला. "अहो, तुमचा आवाज मला दोनदा का येतोय?"

"लाइनमध्ये बिघाड असेल, बाई," काका म्हणाले. एकदा फोनमधून, एकदा दारामागून.

"अहो!" काकू ओरडल्या. "तुम्ही आत आहात?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "आहे," काका म्हणाले. "तिघंही आहोत. कोणालाही लागलेलं नाही. चुकलो मी, आधीच ओ द्यायला हवी होती." बाहेर काकू मटकन खाली बसल्याचा आवाज आला.

बाईंनी अजून फोन ठेवला नव्हता. "मग आता तुमच्या कंपनीची पद्धत काय?"

"पद्धतीप्रमाणे... सगळ्यात जवळच्या माणसाला पाठवतात."

"सगळ्यात जवळ कोण आहे?"

"मीच."

"मग या की लवकर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फोन लगेच पिपाणीसारखा वाजू लागला. कंपनीनं त्यात सोयच अशी केली होती की तक्रार आली की "घटनास्थळी पोहोचलो" हे बटण दाबेपर्यंत तो वाजतच राहायचा. धाकट्यानं कानांवर हात ठेवले. काकांनी वैतागून बटण दाबलं, फोन खिशात कोंबला आणि पुन्हा कपाटाला खांदा लावला.

"बाबा, तसं नाही," थोरली म्हणाली. "आई काय म्हणाली होती? रिकामं करा."

कपाट मागे कललेलं होतं, पण त्याची दारं खोलीच्या बाजूला होती. थोरलीनं ती उघडून दोन्ही बाजूंना सारली. वरचे कप्पे लांब होते, तिथे काकांचा हात पोचेना. "मी जातो!" धाकटा म्हणाला आणि विहिरीत उतरावं तसा आत शिरला. थोरलीनं त्याचे घोटे पकडले. सकाळपर्यंत ज्यांनी एकमेकांना खडूच्या रेघेपलीकडे पाय टाकू दिला नव्हता ती ही दोघं! तो आतून स्वेटर फेकतोय, ती म्हणतेय, "सांभाळून रे, डोकं खाली घे, डावीकडे बघ." बघता बघता खोलीत कपड्यांचा डोंगर उभा राहिला.

शेवटच्या कप्प्यातून धाकट्यानं एक निळी वही काढली आणि न उघडता मागे धरली. "ही तुझी. मी वाचलेली नाही. कधीच."

"ठाऊक आहे," थोरली म्हणाली.

मग कपाटाच्या माथ्याला चादरीचा फास घातला, एका टोकाला मुलं, मधे काका. "एक, दोन, तीन!" कपाट कुरकुरत उठलं आणि सरळ उभं राहिलं. दार उघडलं.

आत आल्या आल्या घरमालकीणबाईंनी ना भिंत बघितली ना कपाट. "आधी डोकी दाखवा," म्हणाल्या. धाकट्याचं डोकं, थोरलीचं डोकं, मग काकांचंही डोकं त्यांनी चाचपून बघितलं. काका पांढरे फटक दिसत होते. अर्धे प्लास्टरनं आणि अर्धे भीतीनं.

"बाई, छताचं सगळं मी भरून देईन," ते घाईघाईनं बोलू लागले. "दोन खोल्या करत होतो. ते कलम एकोणीस..."

बाई ऐकत नव्हत्या. त्या वर बघत होत्या. कोपऱ्यातला झाडू उचलून त्यांनी भगदाडाच्या कडेला दांड्यानं हलकेच टोचलं. अजून एक तुकडा खाली आला, ओलसर. मग त्यांनी पलंगावरचा मोठा पोपडा उचलायचा प्रयत्न केला. त्याला दोन्ही हात लागले.

"हा कोणाचा पलंग?"

"माझा," थोरली म्हणाली.

"उशी कुठे असते?"

थोरलीनं बोट दाखवलं. पोपडा जिथून उचलला होता तिथे खाली उशीच होती. तिच्यात खोल खड्डा पडला होता.

"तीन महिन्यांपूर्वी तुम्ही कळवलंत ना," बाई ते कधीच विसरून गेलेल्या काकूंना म्हणाल्या, "की मुलांच्या खोलीच्या छताला ओल येते? वरच्यांचा नळ गळतोय. तेच बघायला आज आले. उशीर झाला मला. हे सुटलेलंच होतं. आज नाहीतर उद्या पडलं असतं. पोरगी झोपलेली असताना."

काकू पुढे आल्या आणि त्यांनी थोरलीला अशी घट्ट धरली की ती "आई, श्वास!" म्हणाली. काका कपड्यांच्या डोंगरावर बसले. सकाळपासून त्यांनी स्वतःला किती शिव्या घातल्या होत्या त्या "शेवटच्या फेऱ्या"वरून! आता त्यांना तो फेरा आठवला आणि त्यांनी हाताशी आलेला एक स्वेटर छातीशी धरला. धाकट्यानं मुकाट्यानं त्यांच्या मांडीवर बुचांचा डबा ठेवला. घरात कोणाला वाईट वाटलं की तो हेच करायचा.

थोड्या वेळानं, चहा झाल्यावर, काकूंनी भाडेकरार पुढे केला. बाईंनी चष्मा लावून कलम एकोणीस वाचलं आणि कपाळाला हात लावला. "हा छापील कागद आहे हो! कागदाच्या दुकानातून आणला होता. मी कधी वाचलाही नाही. हे बघा, कलम बावीस : भाडेकरूने आवारात घोडा बांधू नये. बांधलाय का तुम्ही घोडा?"

"नाही," धाकटा खिन्न होऊन म्हणाला.

"मग झालं तर! पुढच्या महिन्यात सही करू." मग त्या थोरलीकडे वळल्या. "पण तुला काय हवंय, ते कोणी विचारलं का?"

थोरलीनं निळी वही मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मला भिंत नकोय. फक्त कपडे बदलताना दाराला आतून कडी लावता यावी. म्हणून तर रोज न्हाणीघरात बसते."

काकांना रोजची रांग आठवली, स्वतःचं ओरडणं आठवलं आणि त्यांनी चहाच्या रिकाम्या कपात तोंड घातलं.

"आम्ही पाच भावंडं एका खोलीत वाढलो," बाई म्हणाल्या. "मला जन्मभर एकच गोष्ट हवी होती. किल्ली लागणारा एक खण." त्यांनी आपल्या जुडग्यातून एक छोटी किल्ली सोडवली. "कपाटाच्या डाव्या दाराची आहे. आजपासून तुझी."

छत आठवड्याभरात नवं झालं. तेवढे दिवस चौघंही हॉलमध्ये झोपले. म्हणजे सोफ्यावर, सोफ्याखाली आणि सोफ्याच्या आसपास! मग खोलीच्या दाराला आतून कडी लागली, दोन पलंगांमध्ये पडदा लागला आणि नवा कागद लागला. त्यावर दोघांच्याही सह्या होत्या. चार ते पाच खोली तिची, पाच ते सहा त्याची. बाबांनीसुद्धा टकटक करायची. बुचं अजून सरहद्द ओलांडतात, पण आता ती पडद्याखालून परत ढकलली जातात.

आणि काका? त्यांना कोणाचे आभार मानावेत तेच कळेना. म्हणून ते सगळ्यांचेच मानत सुटले. घरमालकीणबाईंचे मानले, बायकोचे मानले, जॅक पुसून जागेवर ठेवताना त्याचेही मानले. वरच्या मजल्यावर जाऊन ज्यांचा नळ गळत होता त्यांचेही मानून आले! ते बिचारे माफी मागायच्या तयारीत दार उघडून उभे होते, ते बघतच राहिले. मुलांच्या खोलीत गेले की काका आधी टकटक करायचे, मग आत येऊन वर छताकडे बघायचे आणि बाहेर जायचे. "बाबांना काय झालंय?" धाकटा विचारायचा. "काही नाही," थोरली म्हणायची. "बघू दे त्यांना."

महिनाअखेरीला कंपनीत सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. शंभरेक माणसं. मोठे साहेब हातात सुबक चौकट घेऊन उभे.

"आपल्या कंपनीच्या इतिहासात," साहेब म्हणाले, "तक्रार आल्यापासून घटनास्थळी पोहोचायला सरासरी बावीस मिनिटं लागतात. पण या महिन्यात आपल्या एका माणसानं विक्रम केलाय. शून्य मिनिटं! आम्ही खात्री करायला तक्रारदार बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी फोन ठेवायच्या आधीच माणूस तिथे हजर होता!"

टाळ्यांचा कडकडाट! लिफ्टकाकांना ओढून पुढे नेण्यात आलं. गळ्यात हार, हातात चौकट. साहेबांनी कौतुकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन शब्द बोला! तरुण मंडळींना कळू दे. एवढ्या झटपट पोहोचण्याचं रहस्य काय?"

काकांनी शंभर चेहऱ्यांकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं, घसा खाकरला.

"तसं विशेष काही नाही," ते म्हणाले. "मी... जवळच होतो."